जुन्या दोरीच्या विमानात फॉक्स ३५ काढून ओएस ४६ एलए बसवतोय, शेपटात किती शिसं घालू?

माळ्यावरचा_फॉक्स

नमस्कार मंडळी. गणपतीच्या आधी माळा आवरताना कॉलेजातलं कंट्रोल लाइन विमान (मधे उभं राहून दोन दोऱ्यांनी गोल फिरवायचं इंजिनचं मॉडेल) सापडलं, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. चादर उंदरांनी खाल्लीये पण विमान धडधाकट आहे, कव्हरिंगला दोन ठिकाणी भोकं आहेत तेवढीच. एनसीसी एअर विंगला होतो तेव्हा सिनियरच्या प्लॅनवरून बनवलेलं, प्रोफाइल टाइप, म्हणजे बॉडी म्हणजे नुसती चपटी फळी, इंजिन आडवं, सिलेंडर उजवीकडे. पंख ४८ इंची, रुंदी सगळीकडे सारखी २५ सेंटीमीटर, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) नाहीत. पुढे फॉक्स ३५ इंजिन आहे, बिनमफलरचं. ते इंजिन पूर्ण जाम झालंय, प्रॉप (पंखा) धरून फिरवलं तर अख्खं विमान फिरतं पण शाफ्ट ढिम्म.

आता मला एका ओळखीच्याकडून ओएस ४६ एलए इंजिन मिळालंय, आरसीच्या म्हणजे रिमोटच्या विमानातून काढलेलं, कार्ब्युरेटर आणि ओरिजिनल मफलरसकट. ते बसवायचं ठरवलंय. घरच्या वजनकाट्यावर फॉक्स १८५ ग्रॅम भरलं आणि हे ४६ मफलरसकट ३६०, म्हणजे सरळ सरळ १७५ ग्रॅम जास्त आणि ते पण अगदी नाकावर. फॉक्स लावून सगळं विमान रिकाम्या टँकला १०५० ग्रॅम आहे. जुना सीजी, म्हणजे तोल येतो ती जागा, पंखाच्या पुढच्या कडेपासून ५ सेंटीमीटरवर, पंखाखाली पेन्सिलीची खूण अजून दिसते.

माझा सरळ हिशोब असा होता की इंजिन बसवायचं, दोन बोटांवर विमान तोलायचं आणि शेपटात शिसं घालत जायचं जोवर ५ सेंटीमीटरवर बॅलन्स येत नाही. टायरवाल्याकडून व्हील बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं पण आणून ठेवलीत. पण भोकं पाडायच्या आधी म्हटलं विचारावं. साधारण किती शिसं लागेल आणि ते कुठे लावतात, एलिव्हेटरच्या (शेपटातल्या हलत्या फळीच्या) जवळ की बॉडीच्या टोकाला? शेवटचं उडवून वीसेक वर्षं झाली, त्यामुळे प्रश्न बालिश वाटला तर सांभाळून घ्या.

एरंडेल_मास्तर

ड्रिल खाली ठेव आधी. पाडलं नाहीस हे बरं केलंस.

प्रश्न बालिश नाही पण उलट्या बाजूनं सुरू झालायस. बोटावर तोलून शिसं घालणं ही शेवटची पायरी, त्याआधी कागद घ्यायचा आणि सीसॉचं गणित करायचं. पोरं फळीवर बसतात तेच, वजन गुणिले अंतर. तू इंजिनचं अंतर दिलं नाहीस, पण अशा साइजच्या प्रोफाइलला इंजिनचा मध्य सीजीच्या पुढे साधारण १८ सेंटीमीटर येतो, तू पट्टी लावून बघ आणि माझा आकडा चुकला तर बदल.

१७५ ग्रॅम जास्त गुणिले १८, झाले ३१५०. शेपटाचं टोक सीजीच्या मागे ४० सेंटीमीटर धरलं तर ३१५० भागिले ४०, म्हणजे जवळपास ८० ग्रॅम शिसं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. आणि आता हे उत्तर विसर.

का ते सांगतो. १०५० चं विमान १२२५ झालं, त्यात ८० टाकलंस की १३००. पाव किलो वाढलं आणि त्यातलं सगळं दोन्ही टोकांना. डंबेल मधे धरून मनगट फिरवून बघ आणि तेवढंच वजन मुठीत धरून फिरवून बघ. काट्यावर बॅलन्स बरोबर येईल पण विमान वळायला सुरू होत नाही, आणि एकदा वळायला लागलं की थांबत नाही. आडवं फ्लाइट मस्त जातं, पहिल्या लूपला वाटतं जमलं, आणि लूपमधून बाहेर काढताना नाक वळतच राहतं. मी हे केलेलं आहे, शेपटात मासेमारीच्या गळाचं शिसं ठोकून. विमान पोत्यात घालून घरी आणलं.

म्हणून शिसं घालायच्या आधी नाकावरचं काढता काय येतं ते बघायचं.

पहिला तो मफलर. आरसीचा ओरिजिनल मफलर चांगला दणदणीत असतो, तुझ्याकडे काटा आहेच तर वेगळा करून तोल, ८०-९० भरेल. त्याच्या जागी पातळ टंग मफलर लाव, जो नुसता एक्झॉस्टच्या तोंडावर बसतो. एखाद्या लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या नळीचा करून घेतलास तर ३० ग्रॅममधे बसतो. तिथे ५५ वाचले.

दुसरं, इंजिन मागे सरकव. तसंही ४६ ची केस फॉक्सपेक्षा रुंद आहे, बेअररच्या (इंजिन बसतं त्या लाकडी) पट्ट्या कोरायच्याच आहेत आणि भोकं पण जुनी जुळणार नाहीतच. मग कोरतोच आहेस तर दोन सेंटीमीटर मागे कोर. मागे टँकला जागा कमी पडेल, टँक आखूड आणि रुंद करावी लागेल, पण करच.

आता परत हिशोब. नवं इंजिन ३०५ ग्रॅम गुणिले १६ सेंटीमीटर म्हणजे ४८८०. जुनं १८५ गुणिले १८ म्हणजे ३३३०. फरक १५५०. विमानाचं नवं वजन ११७०. १५५० भागिले ११७०, सव्वा सेंटीमीटरहून किंचित जास्त. म्हणजे सीजी ५ वरून पुढे ३.७ वर आला. २५ च्या रुंदीला ५ म्हणजे २० टक्के आणि ३.७ म्हणजे १५ टक्के.

आणि बिनफ्लॅपच्या विमानाला, वीस वर्षांनी हँडल हातात घेणाऱ्या माणसाला, १५ टक्के हा अत्यंत उत्तम आकडा आहे. शेपटात शून्य ग्रॅम. टायरवाल्याची वजनं परत कर.

विमान थोडं आळशी वाटलं तर हँडलवर दोन दोऱ्यांमधलं अंतर वाढवायचं, तेवढ्याच मनगटाला एलिव्हेटर जास्त हलतं. चार-पाच फ्लाइट झाल्यावर वाटलं तर दहा-दहा ग्रॅमनी मागे जा, पण ती हौस नंतर. शेपूट जड झालेलं विमान हातात धरवत नाही.

एक अजून, बॅलन्स नेहमी रिकाम्या टँकवर बघायचा. फॉक्सला १०० मिली पुरायचं, याला १४० तरी लागेल, म्हणजे भरलेल्या टँकमधे ११५ ग्रॅम इंधन आणि ते पण सीजीच्या पुढे. उडताना विमान अजून पाऊण सेंटीमीटर नाकाकडे जड असतं आणि मग हळूहळू मागे येतं. शेवटच्या मिनिटाला विमान हलकं आणि चपळ लागतं ते त्यामुळे, इंजिन सुधारतं म्हणून नाही.

वीजवाला

मास्तरांचा आदर ठेवून म्हणतो, आजच्या काळात हे एरंडेल-मिथेनॉलचं इंधन कशाला? ब्रशलेस मोटर लावा, बॅटरी पुढे-मागे सरकवली की सीजी जमला, टायमर लावला की सहा मिनिटांनी आपोआप बंद. धूर नाही, कव्हरिंग चिकट नाही, शेजारी भांडायला येत नाहीत.

एरंडेल_मास्तर

मुद्दा बरोबर आहे, फक्त त्याच्याकडे इंजिन आहे आणि मोटर नाही.

दोरी_ओहायोवाला

हा धागा वाचून बरं वाटलं, इकडे मराठीत कंट्रोल लाइनबद्दल बोलायला माझ्याशिवाय मीच आहे. मी मूळचा सांगलीचा, आता ओहायोत. इथून दोनेक तासांवर इंडियानात मन्सी म्हणून गाव आहे, तिथे एएमएचं (अमेरिकेतल्या मॉडेल विमानवाल्यांच्या संघटनेचं) मुख्यालय आणि मोठं मैदान, जुलैत कंट्रोल लाइनच्या नॅशनल्स होतात. सत्तरीतली आजोबा मंडळी व्हॅनमधून विमानं काढतात आणि दिवसभर टिप वेट (पंखाच्या टोकातलं शिसं) या विषयावर वाद घालतात, अक्षरशः पाच ग्रॅमवरून. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं हे काय वेड आहे, आता मीही त्यातलाच.

मास्तरांनी पुढे-मागेचं सगळं सांगितलंय, त्यात हात घालत नाही. मला इंजिन आणि प्रॉपचं बोलायचंय.

तुमच्या ४६ ला आरसीचा कार्ब्युरेटर आहे. बरेच जण तो पूर्ण उघडा ठेवून तारेनं बांधतात आणि उडवतात. जमिनीवर छान चालतं. वर गेल्यावर मात्र त्या मोठ्या भोकातून ओढ कमी पडते, नाक वर केलं की इंजिन लीन होऊन, म्हणजे इंधन कमी पडून, किंचाळतं. कार्ब्युरेटर काढा आणि साधी व्हेंचुरी (हवा आत घ्यायची अरुंद नळी) बसवा, मी सात मिलिमीटरची वापरतो, आरपार निडलचा स्प्रेबार (इंधन सोडणारी बारीक नळी). लेथवाल्याकडे मफलरसाठी जाणारच आहात तर ही पण करून घ्या, डेल्रिनची पण चालते. कार्ब्युरेटर गेला की अजून थोडे ग्रॅम गेले.

टँकची उंची विसरू नका. आडव्या इंजिनात टँकचा मध्य आणि स्प्रेबार एका रेषेत हवा. टँक खाली असेल तर सरळ उडताना लीन आणि उलटं उडताना रिच (इंधन जास्त), वर असेल तर उलट. दोन-तीन मिलिमीटरचा फरक पण कानाला कळतो. म्हणून टँक कायमची चिकटवू नका, खाली पत्र्याच्या किंवा प्लायच्या पट्ट्या घालून सरकवता येईल अशी ठेवा.

प्रॉप. फॉक्सला १० बाय ६ (इंचात व्यास आणि एका फेरीत पुढे जायचं अंतर) असेल तुमच्याकडे. ४६ ला इथे लोक १२ बाय ४ पर्यंत जातात. पण तुम्ही ११ बाय ५ नं सुरुवात करा, एक तर चाकांची उंची जुन्या प्रॉपच्या हिशोबानं असणार, गवतात १२ इंची घासेल. दुसरं म्हणजे मोठा जड प्रॉप हा भोवरा असतो, त्याला एका दिशेला वाकवलं की तो काटकोनात दुसरीकडे वळतो. नाक झटकन वर केलं की विमान बाहेर वळायला बघतं, ते ठीक आहे, दोरी ताणलेली राहते. पण नाक झटकन खाली केलं की ते आत, तुमच्याकडे वळायला बघतं आणि दोरी ढिली पडते. म्हणून बाहेरचे लूप, म्हणजे नाक खाली घालून मारायचे, आठवडाभर करूच नका.

इंधनात एरंडेल २० टक्क्यांच्या खाली नको, ४६ एलएला बॉल बेअरिंग नाही, साधं बुश आहे. फॉक्सला तर त्याहून जास्त, २५ च्या पुढे. ड्यूक फॉक्सनं १९४०च्या दशकाच्या शेवटी हे ३५ स्टंट काढलं तेव्हापासून त्याचा खुराक तोच आहे.

आणि हो, तुमचं फॉक्स मेलंय असं वाटत नाही मला. जाम झालंय म्हणजे आत एरंडेल वाळून डिंक झालाय. ग्लो प्लग काढा, हेअर ड्रायर नाहीतर हीट गननं चांगलं हात लावता येणार नाही इतकं गरम करा, आणि मग प्रॉप हळू हलवून बघा. पकड लावू नका.

माळ्यावरचा_फॉक्स

मास्तर काका आणि ओहायोवाले दादा, दोघांनाही दंडवत.

अंतर मोजलं, १८ नाही १७.५ भरलं, म्हणजे काकांनी न बघता अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत सांगितलं. मफलर ८६ ग्रॅम. शुक्रवारी औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडे गेलो, त्याला वाटलं स्कूटरचं काहीतरी आहे, विमान म्हटल्यावर हातातलं काम सोडून त्यानं माझंच केलं. मफलर ३२ ग्रॅमचा झाला, व्हेंचुरीचे पैसे घेतले नाहीत.

बेअरर कोरले. फळीचं नाक आतून तेलानं काळं पडलेलं होतं, ॲराल्डाइट धरेना. थिनर लावायचं, वर टाल्कम पावडर भुरभुरवायची, ड्रायरनं गरम करायचं, पावडर तेल ओढून पिवळी होते ती झटकायची, असं सहा-सात वेळा केलं तेव्हा लाकूड लाकडासारखं दिसलं. जुन्या भोकांत बांबूच्या काड्या ॲराल्डाइट लावून ठोकल्या आणि नवी भोकं पाडली, मागून ब्लाइंड नट, बोल्टखाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. सीजी ३.८ वर आला. शेपटात काही नाही.

आणि फॉक्स सुटलं! हीट गन, दहा मिनिटं, आणि एकदम लोण्यासारखं. घरभर एरंडेलाचा वास, आई म्हणाली कुणाचं पोट बिघडलंय. आता काय करू, परत फॉक्सच बसवू का? बेअरर तर कोरून बसलोय 😅

रविवारी सकाळी उडवायचा विचार आहे. जुन्या दोऱ्या आहेत, ०.०१५ इंची, १८ मीटर. चालतील ना?

एरंडेल_मास्तर

फॉक्स पुसून, आत तेलाचे चार थेंब टाकून कपाटात ठेव. पुढच्या विमानाला होईल.

जुन्या दोऱ्या फेकून दे. नव्या ०.०१८ च्या घे, इंजिन मोठं झालंय. हिशोब बघ, १८ मीटरची दोरी, वर तुझा हात धरून १९ मीटरचं वर्तुळ, चक्कर सव्वापाच सेकंदांत झाली तर विमान आपल्या वजनाच्या पावणेतीनपटीहून जास्त ओढतं, म्हणजे तुझ्या हातात सव्वातीन किलो. झटका बसला तर त्याच्या कितीतरी जास्त. म्हणून स्पर्धेत उडवायच्या आधी वजनाच्या दहापट ओढून बघतात. तू पण बघ. भंगारवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा आण, विमान इंजिनजवळ कुणालातरी धरायला लाव आणि हँडलला काटा अडकवून १२ किलो ओढ. उडवायच्या आधी, मैदानावर नाही, घरी.

माळ्यावरचा_फॉक्स

काका, ओढलं. अंगणात, भावानं विमान धरलं होतं. सात किलोला टक् असा आवाज आला आणि लीडआउट (पंखाच्या टोकातून बाहेर येणारी, दोरी जोडायची तार) माझ्या हातात. पंखाच्या आत बेलक्रँकजवळ (दोऱ्यांची ओढ एलिव्हेटरला पोचवणाऱ्या तुकड्याजवळ) तार गंजून सुईसारखी झाली होती, बाहेरून चकचकीत. भाऊ विमान घेऊन मागे तुळशीवृंदावनावर बसला, त्याला लागलं नाही, वृंदावनाचा कोपरा गेलाय.

हे वर्तुळात झालं असतं तर, हा विचार मी अजून करत नाहीये. मधल्या भागाचं कव्हरिंग फाडून दोन्ही लीडआउट नवीन घातले, बेलक्रँक पण नायलॉनचा होता, पिवळा पडलेला, तो पण बदलला. परत ओढलं, १२ किलोला गप्प. आता पुढच्या रविवारी.

सातव_चक्कर

मी मुलगी असून हे उडवायचे म्हणून कॉलेजात लोक बघायला यायचे, त्यामुळे थोडं अधिकारानं बोलते. एनसीसीच्या वायुसैनिक कॅम्पच्या तयारीला आम्ही दिवसाला वीस-वीस फ्लाइट मारायचो, चक्कर येऊन पडायचो आणि परत उठायचो.

सगळे पुढे-मागे बॅलन्सवर बोलताय आणि आडव्या बॅलन्सवर कुणीच नाही. कंट्रोल लाइनचं विमान साध्या विमानासारखं नसतं ना, ते डावा पंख आपल्याकडे करून गोल फिरतं आणि त्या पंखाला दोऱ्या लोंबतात. त्या दोऱ्यांच्या वजनासाठी उजव्या टोकात शिसं असतं. तुझ्या विमानात किती आहे? आता तू दोऱ्या जाड घेतल्यास म्हणजे डावीकडे वजन वाढलं. पण नव्या इंजिनचं सिलेंडर मोठं आहे आणि ते उजवीकडे बाहेर आलंय, म्हणजे उजवीकडे पण वाढलं. माझ्या अंदाजानं दोन्ही एकमेकांना बरंचसं खातात, तेव्हा आहे ते शिसं राहू दे आणि उडवून बघ.

बघायचं कसं, तर आडव्या फ्लाइटमधे विमान डोळ्याच्या उंचीवर आण. पंखाची नुसती कड दिसली पाहिजे. पोट दिसत असेल तर बाहेरचा पंख लोंबतोय. मग उलटं करून तसंच बघ, उलटं उडवता येत असेल तर. दोन्हीकडे बाहेरचाच पंख लोंबत असेल तर शिसं जास्त आहे. सरळ असताना लोंबतोय आणि उलटं केल्यावर वर जातोय तर शिशाला हात लावू नकोस, पंखाला पीळ आहे. माळ्यावर वीस वर्षं चादरीत म्हणजे पीळ असायची दाट शक्यता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुझे लीडआउट पंखाच्या टोकातून कुठून बाहेर येतात? सीजी पुढे गेला ना १.२ नं? मग ते पण पुढे जायला पाहिजेत. सरकवता येतात का?

माळ्यावरचा_फॉक्स

ताई, उजव्या टोकात २५ ग्रॅम आहे. लीडआउट फिक्स आहेत, टोकाला प्लायची पट्टी चिकटवून त्यात पितळी नळ्या. पुढच्या कडेपासून ७ वर. ते फोडायचं म्हणजे टोकाचं कव्हरिंग परत काढावं लागेल. आधी एकदा तसंच उडवून बघतो, एक-दीड सेंटीमीटरनं काय होतंय.

सातव_चक्कर

बघ 🙂

माळ्यावरचा_फॉक्स

झालं उडवून. लांबलचक लिहितोय, माफ करा, पण सगळं सांगायचंय.

मैदान गावाबाहेरचं, विजेच्या तारा कुठेही जवळ नाहीत हे आधी चालत जाऊन बघितलं. भाऊ विमान धरायला, पुतण्या व्हिडिओला. इंजिन चौथ्या फटक्याला लागलं. मी मधे जाऊन हँडल उचललं, वर-खाली करून एलिव्हेटर बघितलं आणि मान हलवली. भावानं सोडलं. पहिली चक्कर मला आठवतच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या चकरेला श्वास घेतला. नाक शांत, मास्तर काका, अगदी तुम्ही म्हणालात तसं, थोडं आळशी पण शहाण्या बैलासारखं, सोडलं तर सरळ जातं.

पण काहीतरी विचित्र होतं. विमान खेकड्यासारखं चालत होतं, नाक वर्तुळाच्या बाहेर आणि शेपूट माझ्याकडे. एवढं ४६ चं इंजिन पण चक्कर ५.६ सेकंदांची. लूप केला नाही, नुसतं ४५ अंशांवर नेलं तर हातातली ओढ एकदम गेली, दोरी ढिली, मी चार पावलं मागे पळालो तेव्हा ताण परत आला. पुतण्याच्या व्हिडिओत मी मागे पळताना दिसतोय, तो आता नातेवाइकांच्या ग्रुपवर आहे. इंधन संपेपर्यंत आडवंच फिरवलं आणि उतरवलं.

सातव ताई, तुमचं "बघ" तिथे मैदानातच आठवलं. घरी येऊन पट्टी लावली. आधी लीडआउट सीजीच्या मागे २ सेंटीमीटर होते. सीजी पुढे गेला आणि लीडआउट जागेवरच, म्हणजे आता ३.२ मागे. दोऱ्या शेपटाच्या बाजूनं आत ओढणार, नाक बाहेर जाणारच, त्यात एवढी साधी गोष्ट आहे की लाज वाटली. सगळं लक्ष पुढच्या-मागच्या काट्यावर, आणि विमान तर त्या दोन तारांना लटकलेलं असतं.

टोक फोडलं. या वेळी पट्टीत लांबट खाच केली आणि नळ्यांची तबकडी दोन स्क्रूंवर सरकेल अशी बसवली, आणि उजव्या टोकाला शिशासाठी छोटी डबी, वर झाकण. लीडआउट ५.८ वर आणले. काल परत गेलो. चक्कर ५.२! तेच इंजिन, तोच प्रॉप, तेच इंधन. हाताला एकसारखी घट्ट ओढ. विमान डोळ्यासमोर आणलं तर किंचित पोट दिसत होतं, डबीतून ५ ग्रॅम काढलं, मग नुसती कड. दोन लूप मारले, मोठे, बावळट, पण गोल. उलटं अजून केलं नाही, त्यामुळे पीळ आहे की नाही ते माहीत नाही.

टँक मात्र खाली आहे बहुतेक, लूपमधे इंजिन लीन होऊन किंचाळतं. पट्टी घालून वर उचलतोय.

फोटो टाकतो, एक उडतानाचा आणि एक हँडल धरलेला.

दोरी_ओहायोवाला

क्या बात! ५.६ वरून ५.२ नुसत्या लीडआउटनं, हे इथल्या आजोबांना दाखवतो. त्यांच्यासाठी सेंटीमीटरचे इंच करावे लागतील.

एरंडेल_मास्तर

छान. टँक दोन मिलिमीटर उचल, जास्त नको.

दुसरा फोटो मोठा करून बघितला. हँडलची सुरक्षादोरी मनगटात दिसत नाही. फोटोसाठी काढली होतीस की नव्हतीच?

माळ्यावरचा_फॉक्स

नव्हतीच, काका. आज शिवतो.